लेकरू नेमकं कुठं अडतं?

“मॅडम, याला नेमकं काय आहे?” नव्या शाळेत गेलं की वर्गशिक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात. बोलताना नजर मागच्या बाकावरच्या एखाद्या लेकराकडं असते. गतिमंद म्हणायचा, ऑटिझम म्हणायचा, की नुसतं लक्ष देत नाही म्हणायचं? मी विशेष शिक्षिका आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून फिरायचं, दिव्यांग मुलांना शिकवायचं आणि त्यांना रोज शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंच्या मदतीला राहायचं, हे माझं काम. त्यांच्या प्रश्नामागची तळमळ मला कळते. पण निदानाचं नाव डॉक्टरांना लागतं, प्रमाणपत्राला लागतं, सवलतींना लागतं. उद्या सकाळी वर्गात काय करायचं, ते त्या नावातून उमगत नाही. एकाच निदानाच्या दोन मुलांना शिकवायच्या वाटा पार वेगळ्या असू शकतात. म्हणून मी उलट विचारते, “सर, हे लेकरू नेमकं कुठं अडतं?”

तिसरीच्या वर्गातलं एक उदाहरण सांगते. फळ्यावर वजाबाकी होती, ५२ मधून २७. दोन मुलांचं उत्तर आलं ३५, आणि दोघांच्याही वहीत लाल फुली पडली. मी दोघांना जवळ बसवून म्हटलं, पुन्हा करा, पण तोंडानं बोलत बोलत करा. पहिल्यानं हातचा घेतला, बारातून सात काढून पाच लिहिले, आणि दशकाच्या घरातल्या पाचाचे चार करायला विसरला. पाचातून दोन गेले, तीन राहिले. दुसऱ्यानं हातचा घेतलाच नव्हता. “दोनातून सात जात नाहीत,” म्हणाला, आणि सरळ सातातून दोन काढून मोकळा झाला. उत्तर दोघांचंही ३५. पहिल्याच्या वहीत पाचाच्या डोक्यावर एक छोटा चौकोन आखून दिला. त्या चौकोनात काहीतरी लिहायचं आहे एवढं डोळ्यांना दिसलं आणि त्याचं गणित सुटायला लागलं. दुसऱ्याला मात्र काड्यांच्या गठ्ठ्यांपर्यंत मागं न्यावं लागलं. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. त्यातून सात सुट्या काड्या मला दे. तो बराच वेळ बघत बसला आणि मग एका गठ्ठ्याचं रबर त्यानं स्वतःच काढलं. त्या दोघांना आणखी दहा-दहा वजाबाक्या घरी करायला दिल्या असत्या, तर दोघांनीही त्याच चुका दहादा गिरवल्या असत्या.

आमच्या प्रशिक्षणात याला कार्यविश्लेषण म्हणतात. कुठलंही काम घ्यायचं, त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि मूल कितव्या पायरीवर थांबतं ते बघायचं. शर्टाचं बटण लावण्यासारखं काम घ्या. शर्टाच्या दोन कडा जवळ आणायच्या, बटण चिमटीत धरायचं, काज शोधायचं, बटणाची कड काजात घुसवायची, दुसऱ्या हातानं पलीकडून ओढून घ्यायची. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला हे शिकवताना मी शेवटाकडून सुरुवात करते. पहिल्या सगळ्या पायऱ्या माझ्या, शेवटचं ओढणं त्याचं. ते जमलं की घुसवणंही त्याचं. असं मागं मागं सरकायचं. यात प्रत्येक वेळी काम त्याच्या हातानं पूर्ण होतं, आणि बटण लागल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवसापासून मिळतो. सुरुवातीला वडिलांच्या जुन्या कोटाचं किंवा स्वेटरचं मोठं बटण घ्यावं, आणि कापड मांडीवर ठेवून शिकवावं. अंगातल्या शर्टाचं बटण हनुवटीखाली येतं, दिसत नाही, हे आपल्या मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. डबा उघडणं, खिचडीच्या आधी हात धुणं, चपलेचा पट्टा लावणं, सगळं याच रीतीनं शिकवता येतं. मुलाला आधीच येणाऱ्या पायऱ्या मी कधीच करून देत नाही. घाईच्या वेळी मोह होतो, पण त्या मोहापायी मुलाचं आलेलं काम जातं.

वाचनात अडण्याच्या जागा आपल्या लिपीनंच ठरवलेल्या आहेत, आणि प्राथमिकच्या शिक्षकांना त्या पाठ असायला हव्यात असं मला वाटतं. ‘किती’ हा शब्द बघा. पहिली वेलांटी लिहिताना ‘क’च्या आधी येते आणि बोलताना त्याच्या नंतर. डावीकडून उजवीकडं एकेक खूण वाचत जाणारं मूल तिथं गोंधळणारच. दुसरी वेलांटी मात्र अक्षराच्या पाठीमागं. म्हणजे एकाच शब्दात दोन उलटे नियम. मग दिसायला जवळची अक्षरं : घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, प आणि ष. ‘ख’ कित्येक मुलं ‘रव’ असं वाचतात. आणि ‘र’ची रूपं तर किती! प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दऱ्या. साध्या मुलाला हे सवयीनं येतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला यातलं प्रत्येक वळण वेगळं, उघडपणे आणि पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं.

त्यासाठी मी काय करते? जवळच्या अक्षरांची जोडी एका आठवड्यात कधीच शिकवत नाही. ‘म’ पक्का झाला, त्याचे शब्द वाचून झाले, मधे दुसरी चार अक्षरं गेली की मग ‘भ’. काना हातात बसल्याशिवाय वेलांटीला हात लावत नाही. काका, मामा, बाबा, नाना, दादा एवढ्या गोतावळ्यावर पुष्कळ दिवस काढता येतात. वेलांटी आली की ती लाल पेन्सिलीनं आणि अक्षर काळ्या पेन्सिलीनं. मूल आधी काळं वाचतं, मग लाल जोडतं. पुठ्ठ्याला एक खिडकी कापून ती ओळीवर सरकवायची, म्हणजे एका वेळी एकच शब्द दिसतो आणि नजर खालच्या ओळीत घसरत नाही. वाचायच्या आधी कानाचं काम असतं : ‘कमळ’ म्हणताना तीन टाळ्या, ‘पाणी’ म्हणताना दोन. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? हा खेळ रांगेत उभं असताना, खिचडीची वाट बघतानासुद्धा होतो, आणि सगळ्या वर्गाला आवडतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पॉलिश पेपर हे माझं लाडकं साधन. त्याची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि मुलानं डोळे मिटून, तोंडानं आवाज काढत त्यावरून बोट फिरवायचं. यामागं मोठा इतिहास आहे. इटलीच्या मारिया माँटेसोरी या डॉक्टर. त्यांनी आधी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम केलं, त्यांच्यासाठी हातानं हाताळायची साधनं तयार केली, आणि मग १९०७ मध्ये रोममध्ये साध्या मुलांसाठी बालगृह उघडून तीच पद्धत तिथं आणली. खरखरीत कागदाची अक्षरं त्यातलीच. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा विचार बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेला आणि महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या वापरल्या. आज महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांत दिसणाऱ्या कितीतरी गोष्टींचं मूळ दिव्यांग मुलांच्या वर्गात आहे, हे मी प्रत्येक शिक्षण परिषदेत सांगते. एका मुलासाठी केलेली सोय बाकीच्यांनाही उपयोगी पडते. खिडकीचा पुठ्ठा करून दिला की आठवड्याभरात अर्धा वर्ग तो मागायला लागतो.

कोसबाडची शिकवण आमच्या शहरात पाळणं अवघड नाही. औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत जाड पुठ्ठा मिळतो, शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात वेलक्रोची पट्टी मिळते. अख्ख्या बांगड्या बांगडीवाले स्वस्तात देतात, त्या खुंटीवर ओवायला उपयोगी. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घराघरांत पडलेले असतात. आणि तिकडं कित्येक शाळांत सरकारी किट कपाटात कुलूपबंद असतं. वस्तू हरवली, तुटली, तर हिशेब कोण देणार, या भीतीनं. मला याचा फार त्रास होतो. शिकवताना तुटलेलं साधन हे वापरलेलं साधन असतं. कोरं करकरीत किट बघून कोणत्याही अधिकाऱ्यानं खूश होऊ नये.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण मराठी मुलांची इथली अडचण खरीखुरी आहे. ‘त्रेसष्ट’ ऐकताना आधी तीन कानावर येतो, मग साठ. लिहिताना आधी सहा लिहायचा, मग तीन. कानाचा क्रम आणि हाताचा क्रम उलटा. त्यामुळं कित्येक मुलं ६३ ऐकून ३६ लिहितात. ‘एकोणसत्तर’ तर आणखी अवघड. ऐकू येतं सत्तर, आणि लिहायचे सहा आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांच्या नेहमीच्या नावांसोबत ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी नावं दिली गेली. त्यावर केवढा गदारोळ झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका तेव्हा पुन्हा पुन्हा समजावून सांगितली होती. मराठी बिघडेल, ही भीती मी समजू शकते. पण गणितात अडणाऱ्या मुलांसोबत रोज बसणारी शिक्षिका म्हणून माझं मत त्या पुस्तकाच्या बाजूचं आहे. मी दोन्ही नावं जोडूनच म्हणून घेते : “साठ आणि तीन, त्रेसष्ट.” सोबत दोन पट्ट्या असतात. ६० ची लांब पट्टी, ३ ची आखूड. आखूड पट्टी शून्यावर ठेवली की ६३ दिसतो. मुलाला कळतं की सहा म्हणजे सहा नाही, साठ आहे, त्याचं शून्य तीनाच्या खाली दडलेलं. जुनी नावं त्यातूनच पक्की होतात.

मोठ्या मुलांना मी पुस्तकी हिशेबाऐवजी पैशाचा हिशेब देते. रविवारी जाफर गेटला बाजार भरतो. शहरातल्या पालकांना मी सांगते, लेकराला सोबत न्या, वीस रुपयांची नोट त्याच्या हातात द्या, कोथिंबिरीची जुडी त्यालाच घेऊ द्या आणि उरलेले पैसे त्यालाच मोजून घेऊ द्या. भाजीवाल्या मावशींना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या थांबतात. वर्गात खेळण्यातल्या नोटा वापरू नयेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लावणं जड जातं, म्हणून साधन खरं असेल तितकं बरं.

आता वागणुकीचं. शिक्षक सगळ्यात जास्त थकतात ते इथं. खुलताबाद तालुक्यातल्या एका शाळेत ऑटिझम असलेला मुलगा दिवसातून काही वेळा कानांवर हात ठेवून ओरडत वर्गाबाहेर पळायचा. बाईंना वाटायचं, अभ्यास आला की पळतो. मी एक वही दिली, तीन रकाने आखून : आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय मिळालं. आठवड्याची पानं वाचल्यावर पहिल्या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. घंटा. त्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा लोखंडी तुकडा, आणि तो टांगलेला त्याच्याच वर्गाच्या खिडकीबाहेर. आवाजाचा त्रास होताच, पण तो आवाज कधी येईल हे माहीत नसण्याचा त्रास त्याहून मोठा. मग भिंतीवर दिवसाची चित्रपट्टी लागली : परिपाठ, मराठी, घंटा, छोटी सुट्टी, गणित, घंटा, खिचडी. एकेक गोष्ट झाली की चित्र काढून खालच्या पाकिटात टाकायचं. मधल्या काळात, शाळा सुटल्यावर त्याला त्या रुळाजवळ नेलं, हात लावू दिला, लाकडी काठीनं हळूच वाजवू दिलं. पुढं शिपाईमामांसोबत घंटा द्यायचं काम त्याचंच झालं. आता घंटा होणार हे साऱ्या शाळेच्या आधी त्याला ठाऊक असतं.

चित्रांच्या वेळापत्रकाची ही पद्धत जगभर वापरतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ पासून राबवलेल्या टीच कार्यक्रमात तिच्यावर फार काम झालं. आपल्या वर्गात ती आणायला मोबाइलवर काढलेले फोटोही चालतात. त्यापेक्षाही सोपं म्हणजे ‘आधी–मग’चा पुठ्ठा : आधी तीन शब्द, मग चेंडू. फक्त शब्दाला जागायचं. तीन शब्द झाल्यावर “आता अजून दोन” म्हटलं, की त्या पुठ्ठ्यावरचा मुलाचा विश्वास गेलाच. शाबासकी देतानाही नेमकं बोलावं. “छान!” म्हटल्यानं काय छान झालं ते कळत नाही. “हात वर करून थांबलास, छान,” म्हटलं की कळतं.

बाकी काही साध्या गोष्टी पटापट सांगते. ऐकू कमी येणारं मूल खिडकीकडं पाठ करून बसवावं, म्हणजे उजेड शिक्षकाच्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ दिसतात. फळ्याकडं तोंड करून बोलू नये. श्रवणयंत्राचा सेल चालू आहे का, हे रोज सकाळी बघावं. कमी दिसणाऱ्या मुलासाठी वहीच्या रेघा जाड काळ्या स्केचपेननं आखून द्याव्यात आणि वही उतरत्या फळीवर ठेवावी. फळा चकाकतो का, हे त्याच्या जागेवर बसून एकदा स्वतः पाहावं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर हातातली पेन्सिल स्थिर राहत नाही. जुन्या वह्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधून पायांखाली द्या, पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, ताटाखाली ओला रुमाल घाला म्हणजे ताट सरकत नाही. दहा गणितांऐवजी चार द्या. लिहिणं जड जात असेल तर उत्तर तोंडी घ्या. आपल्याला गणित तपासायचं आहे की हस्ताक्षर, हे आधी ठरवायला हवं.

मुलाची परीक्षा घेताना भाषेचं भान ठेवावं, याबाबतीत मी फार आग्रही आहे. कन्नड, सोयगाव तालुक्यांतल्या तांड्यांवरून येणारं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. शहरातल्या कित्येक घरांत दखनी चालते. असं लेकरू पहिलीत गप्प बसलं म्हणून त्याला बुद्धीचा प्रश्न आहे असं ठरवून टाकणं हा अन्याय आहे. आधी त्याच्या आजीशी किंवा मोठ्या बहिणीशी बोलताना त्याला ऐका. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं वेगळंच. दिवाळीनंतर मायबाप कारखान्यावर जातात. लेकरू मागं हंगामी वसतिगृहात राहिलं तर बरं, सोबत गेलं तर महिनोन्महिने शाळा तुटते. म्हणून त्या मुलांच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात मी उद्दिष्टं दिवाळीपर्यंतचीच ठेवते आणि नेमकी लिहिते. ‘वाचन सुधारणे’ असं लिहिलेला आराखडा कुणाच्याच कामाचा नाही. ‘काना असलेले दोन अक्षरी दहा शब्द मदतीशिवाय वाचेल’ असं लिहिलं, तर ते झालं की नाही हे कुणीही तपासू शकतं.

निदान नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. आधी ७ होते. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता या कायद्यामुळं त्यात आल्या. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल तर वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणीला जायचं. आमच्याकडचे पालक त्यासाठी बहुतेक घाटी रुग्णालयात किंवा चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जातात. समग्र शिक्षा योजनेतून दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता असतो, गरजेनुसार प्रवास आणि मदतनीस भत्ता असतो. दहावीच्या परीक्षेत लेखनिक, ताशी २० मिनिटं जादा वेळ अशा सवलती असतात. हे सगळं पालकांनी मागून घ्यावं. पण एक अडचण लक्षात घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं. पहिली-दुसरीतल्या लेकराला ते मिळणारच नाही, आणि वाचनाचा पाया तर तेव्हाच घातला जातो. म्हणून प्रमाणपत्राची वाट न बघता शिकवणं बदलायला लागा.

शिक्षकांना चाळणीसाठी दोन चांगली साधनं आहेत. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप २०२२ पासून आहे. त्यातल्या प्रश्नावलीवरून कोणत्या मुलाला पुढच्या तपासणीची गरज आहे ते कळतं. दुसरं म्हणजे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेलं ‘डाली’. डिस्लेक्सियाची ही चाचणी मराठीतही आहे, आणि मराठी शिकणाऱ्या मुलाला मराठीतच तपासावं, हे सांगायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. कर्णबधिर मुलांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १० हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मोफत बघता येतो. रोज एक खूण साऱ्या वर्गानं शिकली तर त्या मुलाला मित्र मिळतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मुंबईच्या जय वकील फाउंडेशननं घडवलेला अभ्यासक्रम ‘दिशा’ अभियानातून राज्यातल्या विशेष शाळांत पोचला आहे. त्यातली चित्रं आणि पायऱ्या साध्या शाळेतल्या शिक्षकालाही कामाच्या आहेत.

शहरात नवजीवन, विहंग यांसारख्या विशेष शाळा आहेत, ऑटिझमसाठी ‘आरंभ’ आहे. पालक मला विचारतात, लेकराला तिकडं घालू की इथंच ठेवू? दोन्हीकडची बाजू मी सांगते. विशेष शाळेत थेरपी, कमी मुलं, जाणते हात मिळतात. गावच्या शाळेत शेजारची मुलं, भावंडं, ओळखीचा रस्ता मिळतो. जड अपंगत्व असेल तर विशेष शाळा किंवा घरी जाऊन शिकवणं बरं पडतं. पण नुसतं वाचता येत नाही म्हणून लेकराला गावाच्या शाळेतून काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला : पहिली ते पाचवीत दर १० दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत दर १५ मुलांमागं एक. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक अशी ४८६० पदं ठरवली. वर्षानुवर्षं कंत्राटावर काढलेल्या आमच्यासारख्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण एका केंद्रात कितीतरी शाळा येतात. मी एका शाळेत आठवड्यातून एखाद्या दिवशी पोचणार. बाकीचे दिवस लेकरू वर्गशिक्षकांचंच असतं. म्हणून हल्ली मी मुलाला बाजूच्या खोलीत नेऊन शिकवायचं कमी केलं आहे. वर्गातच बसते, त्याच्या बाकाशेजारी, आणि सुट्टीत गुरुजींसोबत बसून पुढच्या आठवड्याचे तीन धडे बघते : यातलं त्याला कोणतं वाक्य देणार, त्याच्या शेजारी कोण बसणार, उत्तर कसं घेणार. मुख्याध्यापकांनी हा वेळ वेळापत्रकात लिहूनच द्यावा, अशी माझी मागणी आहे. तोंडी ठरलेला वेळ निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या कामात पहिल्यांदा जातो.

आणि शेवटी एका कागदाबद्दल. शिक्षकांच्या बदल्या होतात, लेकरू पुढच्या वर्गात जातं, आणि वर्षभर कळलेलं सगळं एका शिक्षकाच्या डोक्यातच राहतं. म्हणून एप्रिलमध्ये मी प्रत्येक मुलाचं एक पान लिहून घेते. त्याला काय येतं, हे सगळ्यात वर. मग तो कुठं अडतो आणि तिथं काय केल्यावर पुढं सरकतो. कोणता आवाज, कोणता स्पर्श सहन होत नाही. कोणाशेजारी चांगला बसतो. तहान लागली, लघवीला लागली तर कसं सांगतो. घरी कोणती भाषा बोलतात, आणि फोन केला तर कोण उचलतं. पालकांना माझं सांगणं आहे, जूनमध्ये शाळा उघडली की नव्या वर्गशिक्षकांकडं हे पान आलं आहे का, ते विचारा. आलं नसेल तर तुम्ही सांगा, त्यांना लिहून घेऊ द्या. लिहिता येत नसलेली मायसुद्धा हे पान सगळ्यात चांगलं सांगू शकते.